वारा गेला कुठे!

आधीच सांगून टाकते, मला सायकलिंगमधलं काही म्हणजे काही कळत नाही! वय चव्वेचाळीस, नोकरी हिशेबाची, आणि या जानेवारीपर्यंत सायकल म्हणजे माझ्या लेखी शाळेत असताना मैत्रिणीच्या मागे डबलसीट बसून भोंडल्याला जायची वस्तू. पण मला काहीतरी सापडलंय! आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला बसवत नाहीये! घरच्यांनी केव्हाच कान बंद केलेत. लेक तर मी तोंड उघडायच्या आत "आई, वारा थांबला ना? माहितीये" म्हणते आणि हेडफोन लावते. म्हणून तुम्हाला पकडलंय. चहा घेऊन बसा. डावा हात अजून जरा लटपटतोय, पण लिहायला उजवा शाबूत आहे!

तर वारा थांबला. खरंच थांबला!

झालं असं, की फेब्रुवारीतली एक सकाळ, सहा वाजलेले, घोटवडे फाट्याच्या पुढे पौडकडे जाणारा सपाट रस्ता, आणि मी एकटी भाच्याच्या सायकलवर मान खाली घालून धापा टाकत चाललेली. समोरून वारा. मीटरवर बावीस. पाय म्हणत होते घरी चल, आणि मागून एकदम किर्र्र असा आवाज आला, रातकिडे यावेत तसा, आणि दहा-बाराजण एका ओळीत माझ्या बाजूने निघून गेले! त्यातले शेवटचे पांढऱ्या मिशीचे एक काका जाता जाता ओरडले, "ताई, लागा मागे! चाकाला चिकटा!" मला काही कळलं नाही, पण कुणी काका ओरडले की ऐकायचं ही लहानपणापासूनची सवय, म्हणून मी जीव खाऊन चार पेडल मारली आणि त्यांच्या चाकामागे पोचले, आणि मग... वाराच नाही! कानातला घोंगाट बंद! पाय हलके! मला वाटलं, उतार लागला असावा. उतार नव्हता! मीटरवर बघितलं तर तीस! तीस! मी! जिला जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर पिशवी खाली ठेवावी लागते ती मी, तीसच्या वेगाने पौडला चालले होते आणि गाणं गुणगुणायला दम शिल्लक होता!

पौडला पोहे खाताना मी काकांना विचारलं, हे काय होतं? ते म्हणाले, "ड्राफ्टिंग." आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले. जसं काही विशेषच नाही!

विशेष नाही? अहो, सपाट रस्त्यावर तीसच्या वेगाने सायकल चालवताना आपला बहुतेक जोर नुसता हवा ढकलण्यात जातो! रस्ता नाही, सायकलचं वजन नाही, हवा! वेग दुप्पट केला की हवा चौपट अडवते आणि पायांना आठपट ताकद लावावी लागते. आणि पुढे कुणी असेल तर तो हवा फोडतो आणि त्याच्या पाठीमागे एक खोबण तयार होते, आणि तुम्ही त्या खोबणीत बसायचं! बस्स! २०१८ मध्ये आइंडहोव्हनच्या विद्यापीठातले बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या मंडळींनी १२१ सायकलस्वारांच्या जथ्याचा हिशेब मांडला, संगणकावरही आणि वाऱ्याच्या बोगद्यातही. जथ्याच्या पोटात खोलवर बसलेल्याला किती वारा लागावा? एकट्याला लागतो त्याच्या फक्त ५ ते १० टक्के! मी हे रात्री साडेअकराला वाचलं आणि नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "बरं." तुम्ही तरी असं करू नका!

आणि सगळ्यात वेड लावणारी गोष्ट ऐका. मागच्यामुळे पुढच्यालाही थोडा फायदा होतो! पुढच्याच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, ती पोकळी त्याला मागे ओढत असते, आणि मागे कुणी आला की ती पोकळी थोडी भरते. म्हणजे मी काकांच्या मागे फुकट्यासारखी बसले होते तेव्हा काकांना माझा कणभर का होईना उपयोगच होत होता! हे कळल्यापासून मी फार ताठ मानेने दुसऱ्यांच्या मागे बसते.

आता तुम्ही विचाराल, ही बाई मुळात सायकलवर चढलीच कशी. तर त्याला कारण पुण्याचे बंद रस्ते! या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली ना, बाहेरदेशांतले सायकलपटू आले होते, चार टप्पे, ४३७ किलोमीटर, आणि मी अस्सल पुणेकरासारखी रस्ता बंद आहे म्हणून दोरीअलीकडे उभी राहून व्यवस्थेला नावं ठेवत होते. आणि मग ते आले. आले म्हणजे काय, आले आणि गेले! एक रंगीत पट्टा, सूंऽऽ असा आवाज, साडीचा पदर उडाला, आणि संपलं! शंभराच्या आसपास माणसं, एकमेकांच्या खांद्याला खांदा, आणि कुणी कुणाला धडकत नाही! शेजारच्या आजी म्हणाल्या, "एवढ्यासाठी दोन तास थांबवलं?" आणि मी तोंड उघडं टाकून उभी. घरी गेले, भाच्याला फोन केला. त्याची रोड सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येत होती. ती उचलून आणली.

सासऱ्यांनी सायकल बघितली आणि त्यांचे डोळे चमकले! ते मूळचे खोपोलीचे. मुंबई-पुणे सायकल शर्यत आली की लहानपणी हे लोक बोरघाटात जाऊन उभे राहायचे म्हणे, आणि घाट सगळ्यांत आधी चढून जाईल तो 'घाटाचा राजा'! इतकी वर्षं मी या घरात आहे. इतकी! आणि हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं म्हणा.

मग मी त्या पोहेवाल्या काकांच्या ग्रुपमध्ये शिरले. आणि तिथे एक वेगळीच भाषा! पुढचा हात खाली करून बोट दाखवतो, म्हणजे खड्डा. आपण तेच बोट मागच्याला दाखवायचं. तोही दाखवतो. एक खड्डा बारा बोटांतून मागे पोचतो! पाठीमागे हात नेऊन बाजूला हलवला, म्हणजे रस्त्याकडेला गाडी उभी आहे, सरका. मूठ वर, म्हणजे थांबतोय. बाकी मराठी बाणा: "कुत्राऽ!" "खडीऽ!" "मागून ट्रकऽ!" पुढे आलेल्याने मिनिट-दोन मिनिटं वारा खायचा, मग हलकेच बाजूला व्हायचं आणि ओळीच्या शेपटीला जाऊन लागायचं, की पुढचा पुढे. कुणी मोजत नाही, कुणी रागावत नाही. दमलात तर पुढे येऊ नका, मागे बसा, कुणी विचारणार नाही! आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब असा कधी सुटला नाही हो!

आणि कायदे! एकदम ब्रेक मारायचा नाही. एकदम बाजूला व्हायचं नाही. पेडलवर उभं राहायचं तरी जपून, कारण आपण उभे राहिलो की सायकल क्षणभर मागे येते, वीतभर, आणि मागच्याचं चाक तिथेच असतं. पुढच्याच्या चाकाकडे टक लावून बघायचं नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं. आणि सगळ्यांत मोठा कायदा, काकांनी पहिल्या दिवशी पोहे खाताखाता सांगितलेला: "आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या मागे. शेजारी कधीच नाही. चार बोटंसुद्धा नाही." मी मान डोलावली. लक्षात ठेवा ही चार बोटं.

मधे क्लिपलेस पेडलची गोष्ट सांगू दे! या पेडलमध्ये बूट खटकन अडकतो. अडकतो, आणि नाव काय, तर क्लिपलेस! कारण जुन्या काळी पुढे जाळीसारखी क्लिप आणि पट्टा असायचा, तो गेला म्हणून क्लिप'लेस'! पाय काढायचा तर टाच बाहेर फिरवायची. साधं आहे. चांदणी चौकात सिग्नलला मी थांबले, टाच फिरवायची विसरले, आणि अगदी सावकाश, सगळ्या पीएमटीच्या देखत, झाड पडावं तशी आडवी झाले. बसच्या खिडकीतून एक बाई म्हणाल्या, "अगं बाई!" मी पडल्या पडल्या म्हटलं, "नमस्कार!" याला पडणं म्हणत नाहीत, असं ग्रुपचं मत. प्रत्येकाचं एकदा होतंच म्हणे.

आता खरं पडणं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी ग्रुपची घरगुती शर्यत ठरली. अठराजण, वीस किलोमीटर, बक्षीस हापूसची एक पेटी! रस्त्याचं नाव सांगत नाही, सासूबाई हे वाचणार आहेत. मी म्हटलं, मी आपली मागे मागे असेन. आणि सुरुवातीला होतेही! पण बारा किलोमीटर झाले, पंधरा झाले, आणि मी अजून पुढच्यांबरोबरच होते, आणि मग मीटरवर छत्तीस दिसले, आणि मग मला पहिल्यांदाच वाटलं की आपण जिंकू शकतो! ती पेटी माझी! मनातल्या मनात मी आमरसाला साखर घालायची की नाही इथपर्यंत पोचले, आणि उजवीकडून कॉलेजातला एक पोरगा पुढे सरकायला लागला, मी त्याच्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि माझं चाक काकांच्या मागच्या चाकाच्या शेजारी गेलं. किती? चार बोटं! काकांनी खड्डा दाखवला. बोट खाली केलं होतं हो त्यांनी, मागच्या सगळ्यांनी बघितलं, मी सोडून. ते हलकेच उजवीकडे सरकले.

खर्रर्र!

रबरावर रबर घासल्याचा तो आवाज अजून ऐकू येतो. आणि बघा, पडतो तो मागचा, पुढचा नाही! मला आधी हा शुद्ध अन्याय वाटला होता. पण सायकलचा तोल आपण बसल्या बसल्या हँडल सूतभर इकडे, सूतभर तिकडे करूनच सांभाळत असतो, कळतही नाही आपल्याला. पुढचं चाक कशाला तरी टेकलं की त्या बाजूला वळवता येत नाही, आणि वळवता येत नाही म्हणजे तोल गेलाच. काकांचं मागचं चाक वळायचंच नसतं मुळी, ते निवांत! इतके निवांत, की त्यांना कळलंच नाही! मी हवेत होते, मागचे दोघे माझ्यावर येत होते, त्यातला एक कांद्याच्या वावरात जाऊन पडला, आणि काका सरळ पुढे निघून गेले आणि तिसरे आले!

हवेत असताना माणसाला आयुष्य आठवतं म्हणतात. मला गॅस आठवला. सिलिंडर खालून बंद केला होता का?

डाव्या खांद्यावर आपटले. पडल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "सायकल ठीक आहे ना?" नंतर कळलं, सगळे हेच बोलतात! माझ्यावर आपटलेला आयटीतला दादा, कोपर सोललेलं, हँडल वाकडं, आणि तो उलट माझीच माफी मागत होता. चूक माझी होती. शंभर टक्के माझी. दुसऱ्या आठवड्यात लेकीच्या हातून त्याला डबाभर लाडू पाठवले, तर रिकामा डबा परत करताना त्यात त्याने शेंगदाण्याची चिक्की भरून दिली. आता मी काय करायचं सांगा!

एक्स-रे. कॉलरबोन, मधोमध मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, सायकलवाल्यांचं हेच मोडतं. आपण खांद्यावर पडतो, सगळा धक्का या बिचाऱ्या वाकड्या हाडातून जातो, आणि मधे ते बारीक असतं. ऑपरेशन नको, हात झोळीत, सहा आठवडे. हेल्मेटला आतून तडा होता. ते फेकायचं, कारण आतला फोम एकदाच दबतो, आणि ते त्याचं काम करून मोकळं झालं होतं. माझ्या डोक्यात जे काही आहे ते अजून शाबूत आहे ते त्याच्यामुळे. नवीन हेल्मेट आधी घ्या, सायकल मागाहून. हे एवढं एक मी अधिकारवाणीने सांगणार!

आणि या हाडाबद्दल एक गंमत वाचली! आईच्या पोटात सगळ्यांत आधी हाड व्हायला लागतं ते हे, आणि पूर्ण जुळून येतं सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या आसपास! सगळ्यांत आधी सुरू, सगळ्यांत शेवटी पूर्ण. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं काम! आणि एवढ्या मेहनतीचं हाड मी एका आंब्याच्या पेटीसाठी मोडलं.

झोळीतले दिवस! केस लेक बांधायची, चिडचिड करत, इतकी घट्ट की भुवया वर जायच्या. साडी नाही, गाऊन. टूथपेस्टचं झाकण दातांनी. माझ्याही सोललेल्या कोपराला सासूबाई हळद लावायला निघाल्या, नर्सबाईंनी थांबवलं: साबणपाण्याने धुवायचं, खडीचा कण राहू द्यायचा नाही, आणि खपली धरू न देता पट्टीखाली ओलसर ठेवायचं. दोघींत तह झाला, हळद दुधातून! आणि त्या कॉलेजच्या पोराने जिंकलेल्या पेटीतले डझनभर आंबे घरी आणून दिले. एका हाताने हापूस खाऊन बघितलाय कधी? पातेल्यावर वाकायचं आणि लाज सोडायची!

रात्री झोप नाही, कूस बदलता येत नाही, तीन उशांना टेकून अर्धवट बसायचं. त्या वेळात मी फिओरेंझो मान्यीला शोधलं! १९५६, इटलीची मोठी शर्यत, जिरो. हा गडी पडला, कॉलरबोन मोडलं. माझं मोडलं तेच! डॉक्टर म्हणाले घरी जा. गेला? छे! त्या हाताने हँडल ओढता येईना, म्हणून त्याच्या मेकॅनिकने सायकलची एक ट्यूब हँडलला बांधली आणि दुसरं टोक त्याने दातात धरलं आणि दातांनी हँडल ओढत तो चढ चढला! पुढे पुन्हा पडला, दंडाचंही हाड मोडलं, तरी शर्यत सोडली नाही, बर्फातल्या माँटे बोंदोनेच्या टप्प्यातही टिकला, आणि शेवटी अख्ख्या शर्यतीत दुसरा आला! त्याचा फोटो आहे, दातात ट्यूब धरलेला. मी तो रात्री दोन वाजता बघत होते, दातात टूथपेस्टचं झाकण धरण्याचा अनुभव असलेली त्याची एकमेव पुणेरी भगिनी! (तुम्ही मात्र असलं काही करू नका. त्याने केलं म्हणून मी विचारलं होतं, डॉक्टरांनी फक्त चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.)

आणि मग एकातून दुसरं! नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, २०१५, दोघांनी मिळून अमेरिका आडवी पार केली, रेस अक्रॉस अमेरिका. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ, २०१७, तीच, पण एकट्याने! जवळजवळ ४८०० किलोमीटर! आणि तिथे ड्राफ्टिंगला मनाई! सगळा वारा स्वतःच्या तोंडावर! हे वाचून मी सासऱ्यांना हाक मारली. ते जागेच होते. आम्ही दोघं पहाटे तीनला स्वयंपाकघरात चहा पीत अमेरिकेचा नकाशा बघत होतो. सासूबाई उठून आल्या, आमच्याकडे बघितलं, आणि काही न बोलता परत गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी जागच्या जागी पेडल मारायला परवानगी दिली. भाच्याने ट्रेनर आणून दिला, मागचं चाक त्यात अडकवायचं, हात झोळीत, समोर पंखा. घामाचं तळं! सासूबाई म्हणाल्या, "जागेवरच राहायचं तर सायकल कशाला हवी? पाटावर बस की." उत्तर नाही माझ्याकडे. मग फिजिओ: पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडायचा. भिंतीवर बोटं चालवत चालवत वर न्यायची, मुंगी चढल्यासारखी. पहिल्या दिवशी मुंगी कॅलेंडरच्या तळापर्यंत पोचली. दहाव्या दिवशी लक्ष्मीच्या पायांपर्यंत. विसाव्या दिवशी मुकुट! मी नाचले! हाडावर एक टेंगूळ राहिलंय. हात लावून बघा म्हटलं की पाहुणे लांब सरकतात.

आणि काल! काल सात आठवड्यांनी मी रस्त्यावर गेले!

भीती वाटली. खोटं कशाला बोलू. तोच किर्र्र आवाज मागून आला आणि बोटं ब्रेकवर गच्च. ग्रुप पुढे, मी मागे, मधे एक ट्रक मावेल एवढं अंतर, आणि सगळा वारा माझ्या एकटीच्या तोंडावर. दमले. बावीस. पुन्हा तेच बावीस! काका मुद्दाम मागे येऊन माझ्या पुढे लागले. त्या दिवशीचा विषय त्यांनी काढला नाही, मी पण नाही. एवढंच म्हणाले, "हवं तेवढं अंतर ठेवा ताई. घाई काही नाही, पोहे संपत नाहीत." आणि मग ट्रकचं अंतर गाडीएवढं झालं, आणि मग बैलगाडीएवढं, आणि मग मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, चाकाकडे नाही, आणि काकांनी बोट खाली केलं, आणि या वेळी मी बघितलं! माझ्या मागे कुणीच नव्हतं, तरी मी पण बोट दाखवलं! रिकाम्या रस्त्याला! आणि तेवढ्यात कानातला घोंगाट बंद झाला. एकोणतीस!

तर आता तुम्ही. हो, तुम्हीच, चहा संपला ना तुमचा? येत्या रविवारी पहाटे सव्वापाच, चांदणी चौक. कुणाच्या तरी बाल्कनीत एखादी सायकल कपडे वाळवत उभी असेल, ती आणा. हेल्मेट आणा. पौडच्या पोह्यांचे पैसे मी देईन. आणि चाक माझ्या चाकाच्या मागे ठेवा. शेजारी नाही!